गुडघ्याएवढ्या नादपेटीची हकीकत

श्रीनादरूप केशव प्रसन्न. सज्जन हो, या, जरा पुढे सरकून बसावे, चपला बाहेर राहू द्याव्या, आणि जे खांबाला टेकून बसले आहेत त्यांनीही जवळ यावे, कारण गोष्ट कीर्तनाची आहे आणि कीर्तनात मागे बसणारास डुलकी लागते ऐसा आम्हांस स्वतःचाच अनुभव आहे. एक राज्य स्वराविना कैसे हवालदिल जाहले आणि एका पेटीने ते कैसे सावरले, ही हकीकत जैसी घडली तैसी सांगतो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी समुद्रालगत एक राज्य होते. राज्याचे नाव कागदावर येऊ नये ऐसे कारभाऱ्यांचे सांगणे, म्हणोन लिहीत नाही. राज्य म्हणावे तर देऊळ एक, तळे एक, नारळीची बाग आणि लांबोडका सभामंडप एवढेच. परंतु दौलत थोर, कारण सिंहासनी साक्षात लक्ष्मीकेशव, आणि त्यांचे पदरी शंभुबुवा आसगेकर नामे कीर्तनकार, वय चौऱ्याहत्तर, देह सडसडीत, आवाज ऐसा की बुवा नमनास उभे राहिले म्हणजे अंगणातली गुरेही रवंथ थांबवीत. राज्याचा दस्तूर ऐसा की उत्सवाचे सातवे दिवशी तिसरे प्रहरी बुवांनी सागवानी चौथऱ्यावर अनवाणी उभे राहून कीर्तन करावे, आणि देवाची नजर गाभाऱ्यातून निघावी ती चौथऱ्यावरून थेट तळ्याच्या पाण्यापर्यंत मोकळी जावी. वाटेत माणूस आला तर चालतो, कारण माणूसही त्याचेच. परंतु निर्जीव वस्तू गुडघ्याहून उंच ठेवू नये. चौथरा अरुंद, गाभाऱ्याच्या दाराएवढाच, आणि दोहों अंगांस श्रोते मांडीला मांडी लावून बसलेले. त्यामुळे जी वस्तू वर ठेवावी ती देवाच्या नजरेतच येणार, दुसरा इलाज नाही.

ऐसियास पाच-सहा वर्षांपासून बुवांचे कान उतरणीस लागले होते. कानाच्या वैद्याने तपासून सांगितले की वरचे, बारीक स्वर गेले, खालचे जाड स्वर अद्याप शाबूत आहेत; आणि एक श्रवणयंत्र दिले. बुवांनी ते लावून संवादिनी ऐकली आणि म्हणाले की पत्र्यावर कोणी वाटाणे सांडतो आहे. मग तंबोराही ऐकू येईना आणि संवादिनीही कळेना, आणि बुवांचा जो स्वर, काळी दोनचा, पन्नास वर्षे ज्यावर त्यांनी घर केले होते, तो हातातून सुटू लागला. तेव्हा ईश्वरी योजना ऐसी जाहली की गावात हेमांगीबाई पोंक्षे नामे दातांच्या डॉक्टर आल्या. बाई दिवसा लोकांचे दात काढीत आणि फावल्या वेळी चार तारांचे एक वाद्य छेडीत, ज्यास बेस गिटार म्हणतात, आणि ज्याचा स्वर इतका खालचा की कानाआधी तळपायास कळतो. गणपतीचे कार्यक्रमात बाईंनी ते वाजविले आणि बुवा पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले, आणि कार्यक्रम संपताच विचारिते जाहले की पोरी, हे मला कळले, ही तार काळी दोनला उतरेल काय. बाईंनी सर्वांत जाड तार अर्धा स्वर उतरविली आणि वाजविली, आणि बुवांनी डोळे मिटून षड्ज लाविला तो नेमका. तेव्हापासून बाई कीर्तनात बुवांचे मागे मांडी घालून बसू लागल्या आणि एकच स्वर धरून ठेवू लागल्या, आणि श्रोत्यांतील निम्म्यांस हे ठाऊकही नव्हते.

परंतु गतवर्षी संकट आले ते ऐसे. भाड्याने आणलेली स्पीकरची पेटी छातीएवढी उंच निघाली. कीर्तन सुरू जाहले आणि पुजाऱ्यांनी हाक घातली की देवास तळे दिसत नाही. मग राज्याचे कारभारी रंगोपंत वझे उठले. पंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उभी हयात धरणांवर गेलेली, दस्तुराचे पक्के, आणि त्यांनी भर कीर्तनात चौघांकडून ती पेटी उचलवून बाहेर नेवविली. त्याच क्षणी बुवांच्या पायाखालून स्वर गेला. बुवा अर्धी पायरी वर सरकले, मग खाली आले, मग कोठे आहोत हेच त्यांस कळेना. श्रोते भले, कोणी हसले नाही. कीर्तन आटोपून बुवा गाभाऱ्यासमोर बोलिले की पुढील उत्सवी एकवार उभा राहीन, आणि तेव्हाही स्वर सुटला तर या झांजा देवाचे पायी ठेवीन आणि पुन्हा कोणास तोंड उघडून ऐकविणार नाही. हे ऐकून रंगोपंत घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत, ऐसे त्यांच्या सुनेने शेजारी सांगितले.

मग वर्ष फिरले, उत्सव जवळ आला आणि मसलत बसली. ठरले की राज्याने स्वतःची पेटी घ्यावी, गुडघ्याहून उंच नको, एका माणसास उचलेल ऐसी, आणि काळी दोनचा षड्ज बुवांपर्यंत पोचविणारी. पंतांनी सुतळी आणली आणि बुवांच्या तळपायापासून गुडघ्यापर्यंत माप घेऊन गाठ मारिली, आणि ती सुतळी खिशात घालून स्वारी बंदराच्या शहरी निघाली. पुढे बुवा, मागे हेमांगीबाई वाद्य आणि आपले लहानसे अॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन, आणि पंत खिडकीशी. शहरात झुबेरभाई काझी म्हणोन या वस्तूंचे मातबर व्यापारी. तरुणपणी जहाजावर वाद्यवृंदात वाजवीत, नंतर जमिनीवर उतरले आणि जुन्या गोदामाच्या लाकडी माळ्यावर दुकान थाटिले. चढताना पायऱ्या वाजत आणि वर गेल्यावर फळ्या वाजत. पंतांनी वर पोचताच हुकूम केला की भाई, सर्वांत मोठी कुठली ती दाखवा.

झुबेरभाई हसले आणि बोलिले, "पंत, मोठी दाखवतो, पण आधी सांगा, ऐकायचंय कोणाला?"

"बुवांना."

"ते उभे राहणार किती लांब?"

"तीन हात."

"मग सगळ्या तालुक्याला कशाला ऐकवता?"

आणि मग भाईंनी चहा मागविला आणि शांतपणे समजाविले की या धंद्यात तीन गोष्टी सगळेच मागतात, पेटी लहान, स्वर खोल आणि आवाज दांडगा, आणि या तिहींतल्या दोनच मिळतात. लहान पेटीत थोडीच हवा, तीस खोल स्वर काढावयास लावले म्हणजे दांडगाई जमत नाही, आणि दांडगाई करावयास लावले म्हणजे खोली जाते. तिन्ही देतो म्हणेल त्याच्याकडचा चहा पिऊन उठावे. पंतांस हे मनापासून पटले नाही, कारण त्यांनी आयुष्यात मोठे तेच बांधिले होते, परंतु सुतळी त्यांच्याच खिशात होती. चार पडद्यांची, म्हणजे आवाज काढणाऱ्या चार गोल चकत्यांची, बुरुजासारखी पेटी सुतळी लावताच बाद जाहली. मग भाईंनी एक चिमुकली काढली, आठ इंची पडद्याची, जेवणाच्या डब्याएवढी हलकी. बाईंनी वरच्या तारा वाजविल्या तेव्हा गोड, आणि जाड तार छेडली तेव्हा रिकाम्या डब्यात माशी फिरावी तैसे जाहले. ती बाजूस सारिली. तिसरी दहा इंची पडद्यांची जोडी, आडवी ठेविली तर सुतळीत बसे, रूप रुबाबदार, आवाज टणटणीत, बोट पडले की लगेच उत्तर देणारी. ही पंतांच्याही मनात भरली आणि खरे सांगावयाचे तर हेमांगीबाईंच्याही, कारण वाजविणारास आपले बोट ऐकू आले म्हणजे कोणास आवडत नाही. चौथी मात्र दिसण्यात अगदी साधी, काळी, खोलगट, बारा इंची एकच पडदा, आणि पुढल्या अंगास तळाशी एक रुंद फट, जीमधून पेटी श्वास घेते. बाईंनी तिचे ओहम विचारिले, म्हणजे पेटी आपल्या अंगी किती विरोध करते त्याचे माप. भाई म्हणाले आठ, तुमच्या यंत्राची पुरती ताकद निघणार नाही, निम्म्याहून थोडी वर निघेल, पण तीन हातांस ती पुष्कळ. आणि सुतळी लाविली तर गाठीखाली दोन बोटे जागा उरली.

तेव्हा बुवा उठले. त्यांनी श्रवणयंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेविले, चपला काढल्या, आणि फळ्यांवर पाय जुळवून, पाठ पेटीकडे करून उभे राहिले, आणि खूण केली. बाईंनी प्रथम जोडीवर जाड तार वाजविली. बुवांनी मान हलविली, बरे आहे म्हणोन. मग साध्या पेटीवर वाजविली. बुवांनी षड्ज लाविला आणि धरिला, मग मध्यमापर्यंत चढून परत आले आणि पुन्हा धरिला. झुबेरभाईंनी खिशातले सूर दाखविणारे यंत्र पुढे केले. काटा मधोमध, केसभरही हालला नाही. भाईंनी ते यंत्र पंतांस दाखविले आणि मुकाट्याने परत खिशात घातले. तरी पंत म्हणाले की बुवा, ती जोडीची पेटी भारदस्त दिसते. त्यावर बुवा बोलिले, "पंत, मला दिसायला नको, उभं राहायला पाहिजे." हेमांगीबाईंनी जोडीकडे एकवार पाहिले आणि साधीचा पट्टा खांद्यास लाविला. ऐसी पेटी मुक्रर जाहली. परतीचे वाटेवर बुवा इतके खुशीत की मोटार चालविणारास नमनाचे पद शिकवू लागले.

आता पुढे जे घडले ते मायेपोटी घडले, हे श्रोत्यांनी ध्यानी धरावे. राज्याचा दस्तूर ऐसा की चौथऱ्यावर माणूस अनवाणी उभा राहील, परंतु वाद्य उघड्या फळीस टेकू नये, जेथे पाय पडतात तेथे नाद ठेवू नये. तबल्यास चुंबळ, संवादिनीस आसन, तंबोऱ्यास घडी घातलेली शाल. रंगोपंतांच्या मनास गतवर्षीची टोचणी होतीच. त्यांनी लाल मखमल आणिली, कापूस पिंजून आणिला, आणि सून नको म्हणत असता स्वतः मशीनवर बसून, चष्मा कपाळावर आणि सुई डोळ्याजवळ, तीन दिवसांत पेटीसाठी चार बोटे जाड गादी शिविली, चारी कोपऱ्यांस गोंडे लाविले. उत्सवाचे सातवे दिवशी पेटी त्या गादीवर विराजमान जाहली. पुजाऱ्यांनी हळदकुंकू वाहिले, देवाने तळे पाहिले, पंतांनी सुतळी लावून सर्वांस दाखविली आणि सभामंडप भरला.

तिसरे प्रहरी बुवा उभे राहिले, नमन जाहले, पूर्वरंग सुरू जाहला, आणि दुसऱ्याच पदास स्वर हालला. प्रथम वाटले खाकरा असेल. मग पुन्हा हालला. संवादिनीवाल्यांनी झाकून नेले, तबलजींनी लय वाढविली, परंतु ज्यांस कान आहेत त्यांस कळले. हेमांगीबाईंनी बटण फिरवून आवाज वाढविला तर नुसता गुबगुबाट वाढला, त्यास बूड नाही. आणि लिहिणाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की बुवांचा उजवा पाय निरूपण चालू असता फळ्यांवर चाचपडत होता, काळोखात कोणी उंबरा शोधावा तैसा. कैसेबैसे पूर्वरंग आटोपला आणि नामाचा गजर सुरू जाहला. या वेळी दस्तुराप्रमाणे बुवांस बुक्का लावावयाचा, हार घालावयाचा, आणि मग उत्तररंगास आरंभ. पंत हार घेऊन पुढे जाहले तो काय पाहतात, बुवांची बोटे झांजांची दोरी मनगटातून सोडवीत होती.

इकडे हेमांगीबाई वाद्य ठेवून खांबाआड गेल्या आणि झुबेरभाईंस फोन लाविला. बाईंनी घाईने वर्तमान सांगितले. भाईंनी एकच विचारिले, "ताई, पेटी ठेवलीये कशावर?"

"गादीवर. पंतांनी खास तिच्यासाठी शिवलीय."

भाई बोलिले,

"ताई, तो स्पीकर आहे, नवरदेव नाही. खालची फट बघा, गादीत बुडाली असेल, मग श्वास कुठून घेईल? आणि माझ्याकडे बुवांच्या पायाला स्वर लागला तो उघड्या फळीतून लागला. काढा ती गादी."

बाई धावतच आल्या आणि पंतांस एका बाजूस घेऊन सांगितले. पंतांच्या हातात हार तैसाच. गजर चालू होता म्हणोन बरे, नाहीतर सर्वांनी ऐकिले असते. पंत म्हणाले, "उघड्या फळीवर? पाय पडतात तिथे? हेमांगी, मागच्या वर्षी मी पेटी काढायला लावली आणि बुवांचा स्वर गेला. या वर्षी निदान तिला आसन दिलं. आता तेही मीच काढू?" परंतु बुवांनी, ऐकू आले नसले तरी, दोघांची तोंडे पाहिली होती. त्यांनी बाईंस जवळ बोलाविले आणि कान पुढे केला. बाईंनी बुवांस कळेल ऐशा जाड, खालच्या स्वरात सर्व सांगितले. बुवांनी पंतांचा हात धरिला, हार आपणच आपल्या गळ्यात घालून घेतला आणि बोलिले,

"रंगोपंत, गादी बसणाऱ्याला द्यावी. जो उभा राहून चाकरी करतो त्याला फळीच बरी. मी उभा आहे तिथेच तिला उभी करा."

पंतांनी बुवांच्या पायांकडे पाहिले. मग ते वाकले. बाईंनी पेटी एका अंगाने उचलली आणि पंतांनी स्वतःच्या हाताने गादी ओढून काढली, आणि फळीवरची धूळ उपरण्याने पुसली, आणि पेटी उघड्या सागवानावर बसली. बाईंनी जाड तार एकदाच छेडली. सभामंडपात कोणास फारसे ऐकू आले नाही. एकीकडे कोणाचा तांब्या कलंडला तेवढाच. परंतु बुवांचा उजवा पाय, जो इतका वेळ चाचपडत होता, तो थांबला. बुवांनी दोरी पुन्हा मनगटात घट्ट केली आणि उत्तररंगास गजेंद्राचे आख्यान लाविले.

सज्जन हो, आम्ही पुष्कळ कीर्तने ऐकिली, परंतु ते आख्यान निराळे. गजराज पाण्यात शिरला, मगराने पाय धरिला, कळपातले आप्त एकेक करून निघून गेले, आणि बुवांचा स्वर जागचा हालला नाही. शेवटी सोंडेत कमळ धरून गजेंद्राने हाक मारिली ती बुवांनी षड्जावर मारिली आणि सोडिलीच नाही. तबला थांबला, संवादिनी थांबली, मागे बाईंची एक तार आणि पुढे चौऱ्याहत्तर वर्षांचा एक गळा, आणि दोहोंमध्ये सुईचे टोकही शिरेल ऐसी जागा नव्हती. आमच्या शेजारी बसलेल्या म्हातारीने हात फरशीवर टेकविला होता तो चौथऱ्याच्या कडेस लाविला आणि म्हणाली, अगो बाई, लाकूड गातंय. आणि मग नारायण धावून आले, गजेंद्र सुटला, आणि देवाची नजर तळ्यापर्यंत मोकळी होती, आणि पाण्यावर ऊन होते. आरती जाहली. बुवांनी झांजा काढल्या, कपाळास लाविल्या, आणि देवाच्या पायी न ठेविता नेहमीच्या खुंटीस अडकविल्या, आणि प्रसादाचे काय केले आहे ऐसे विचारिते जाहले.

ऐसी ही हकीकत. तात्पर्य काढणारांनी काढावे. आम्हांस एवढेच कळले की खोल स्वर लहान पेटीतही राहतो, परंतु तीस पाय टेकू द्यावे लागतात. राज्य सुखरूप आहे, बुवांचे पुढील वर्षाचे आख्यान ठरले आहे, हेमांगीबाई दात काढीत आहेत, आणि झुबेरभाईंस प्रसादाचा नारळ माणसासोबत पोचता केला.

आता एक मागणे. ती गादी देवापुढची, हळदकुंकू लागलेली. खाली ठेवावी तर लोकांचे पाय लागतील, आणि उठून बाहेर न्यावी तर आख्यान चुकेल. म्हणोन रंगोपंत वझे उत्तररंगभर पहिल्या रांगेत ती मांडीवर घेऊन बसले होते, आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरीत होते, जो त्यांच्यावाचून कोणासच ऐकू आला नाही. श्रोत्यांनी बुवांस तर आठवावेच, परंतु हात जोडून विनंती की पंतांसही आठवावे. इति.